प्रश्न विचारणाऱ्याची परीक्षा



मळवली स्टेशनावर उतरून दक्षिणेस भाजे गांवाकडे गेलें कीं डोंगरांत बौद्ध लेणीं लागतात. तेथील चैत्यगृहाचे खांब सरळ उभे नाहींत. ते आंतल्या बाजूस कललेले आहेत. प्रश्न कसा विचारावा हें मला या खांबांनीं शिकविलें, पण फार उशिरां.

आपल्याकडे लेखी परीक्षेचें प्रस्थ मुंबई विद्यापीठामुळें वाढलें. विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं झाली. तींत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. १९४९ सालीं एस. एस. सी. बोर्डाची पहिली परीक्षा झाली, तोंवर सुमारें नव्वद वर्षें शाळांचे डोळे याच एका परीक्षेकडे लागलेले असत. बोर्ड आलें तरी 'माहिती लिहा', 'टीपा द्या' ही संवय आम्हां शिक्षकांच्या हातांतून सुटली नाहीं.

शिकागोचे प्राध्यापक बेंजामिन ब्लूम यांनीं १९५६ सालीं ज्ञान, आकलन, उपयोजन अशा सहा पायऱ्या मांडल्या. लवकरच भारतांत येऊन त्यांनीं माध्यमिक शिक्षकांच्या कार्यशाळाही घेतल्या. काय तपासावयाचें तें आधीं ठरवावें, मग प्रश्न लिहावा, हें त्यांचें सांगणें. अध्यापक विद्यालयांत मीं तें घोकलें आणि परीक्षेंत जसेंच्या तसें उतरवून उत्तम गुणही मिळविले!

पुढें एका सहामाहींत मीं सातवीस विचारलें : 'भाजे लेण्यांची माहिती लिहा. गुण पांच.' इसवी सनापूर्वीचें दुसरें शतक, चैत्य, विहार, असें उत्तर माझ्या मनांत होतें. गुरें राखणाऱ्या एका मुलानें दोनच ओळी लिहिल्या. खांब आंत कलले आहेत. आमच्या गोठ्याच्या मेढी आजोबांनीं अशाच रोवल्या आहेत, म्हणजे छपराचा भार त्यांना बाहेर लोटीत नाहीं. मीं शून्य दिलें. पुढच्या वर्षीं तो शाळेंत आला नाहीं.

कांहीं वर्षांनीं लेण्यांवरील एका पुस्तकांत वाचलें, कीं लाकडी बांधणीची रीत कारागिरांनीं दगडांत जशीच्या तशी उतरविली, म्हणून ते खांब कलते. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलों.

त्यानंतर मीं प्रश्न बदलला : 'भाज्याचे खांब कलते, कार्ल्याचे सरळ. हा फरक कां पडला असावा? दोन कारणें द्या.' नमुना उत्तरही प्रश्नाबरोबरच लिहूं लागलों. तें लिहितांना अडखळलों, तर प्रश्नच खोडीत असें.

त्या मुलाचे गुण आज मीं पांचपैकीं चार धरतों. एक कापला, कारण काल लिहिलेला नव्हता.