ओंजळीतले मूल्य

मूल्य आधी समजते की आधी जाणवते? जर्मन तत्त्वज्ञ माक्स शेलर याने १९१३ ते १९१६ या काळात प्रसिद्ध केलेल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात उत्तर दिले : मूल्य तर्काने सिद्ध होण्याआधीच भावनेत प्रत्ययाला येते. अनुभव जसा येतो तसाच तपासणाऱ्या फेनॉमेनॉलॉजीच्या परंपरेतला हा विचार. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईत बसून तो वाचताना मला विचारावेसे वाटते : जाणवते ते कोणाला? कुठे उभे राहून?

गावगाड्यात महाराच्या इमानाची स्तुती होत असे. तो सांगावा पोचवी, शिवेची साक्ष देई, मेलेले ढोर ओढी. गावाच्या लेखी हा सद्गुण होता. माझी आजी माहेरचे सांगताना म्हणे, "इमान व्हतं लेकरा, पन पानी वरनंच वाढायचे." त्या धारेखाली ओंजळ धरणाऱ्याला आपले इमान कसे जाणवले असेल? ज्याला नकार देण्याची मोकळीक नाही, त्याच्या सेवेला सद्गुण म्हणता येत नाही. ती सक्ती असते. १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. माझ्या मते तो केवळ मोबदल्याचा प्रश्न नव्हता, स्वाभिमानाचा होता.

त्याआधी १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आमच्या तालुक्याच्या वेशीवर, भीमाकाठच्या कोरेगावच्या विजयस्तंभाशी आले होते. तिथे पूर्वजांच्या शौर्याची आठवण होती; पण ते शौर्य दुसऱ्याच्या फौजेत गाजवलेले. स्वतःसाठी करायची कृती अजून व्हायची होती.

ती महाडला झाली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केले होते. मूल्य कागदावर आले, पण अस्पृश्याच्या ओठाला पाणी लागले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी तळ्यात ओंजळ बुडवली, तेव्हा समता हा शब्द देहाचा अनुभव झाला. पाण्याची चव वेगळी नव्हती; पिणारा वेगळा झाला होता.

शेलरशी माझे भांडण इथे आहे. १९१२च्या निबंधात त्याने आधुनिक समतेच्या मागणीत दुबळ्यांची कुढणारी असूया पाहिली. महाडला परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, डोकी फुटली. तरी बाबासाहेबांनी लोकांना प्रतिहल्ल्यापासून आवरले. कोणाचे पाणी तोडले नाही, कोणाला तळ्यावरून हाकलले नाही. असूया असे वागते काय? उलट तळे 'शुद्ध' करणाऱ्यांच्या मनात काय होते, याची मीमांसा त्या निबंधाला करता आली असती.

न्यायालयात हा हक्क टिकायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. कायद्याने दहा वर्षांनी मान्य केले, ते ओंजळीला आधीच कळले होते. म्हणून कोणी आपल्या सोशिकपणाला सद्गुण म्हणू लागला, तर मित्रहो, प्रथम एवढेच विचारा : हा गुण कोणाच्या सोयीचा आहे?