स्थिर विश्वाचा वाद आणि कोल्हापूरचे नारळीकर

समग्र विश्वाची घडण आणि तिचा इतिहास अभ्यासणाऱ्या विश्वरचनाशास्त्राच्या भारतातील वाटचालीत कोल्हापुरात जन्मलेल्या पितापुत्रांचा वाटा मोठा आहे. विष्णु वासुदेव नारळीकर (जन्म १९०८) यांनी केंब्रिजमधील शिक्षणानंतर १९३२ पासून बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे अध्यापन करीत सापेक्षता सिद्धांताच्या अभ्यासकांची एक पिढी घडवली. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मलेले त्यांचे पुत्र जयंत केंब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे शिष्य झाले.

हॉइल, बाँडी व गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतानुसार विश्व प्रसरण पावत असले तरी नवे द्रव्य सतत निर्माण होत राहिल्याने त्याची सरासरी घनता बदलत नाही, म्हणून त्याला आरंभही नाही. या सिद्धांताचा पुरस्कार करणाऱ्या हॉइल व जयंत नारळीकर यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धांत मांडला, त्यात कणाचे वस्तुमान विश्वातील इतर सर्व कणांच्या प्रभावातून ठरते अशी कल्पना होती. मात्र १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना सर्व दिशांनी सारख्याच तीव्रतेने येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण आढळले, ते तप्त आरंभाचा अवशेष मानले गेले आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ विश्वाला आरंभ मानणाऱ्या महास्फोट सिद्धांताच्या बाजूला गेले. नारळीकरांनी माघार घेतली नाही. १९९३ मध्ये हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी अर्धस्थिर स्थितीचे सुधारित प्रारूप मांडले, परंतु त्यालाही व्यापक मान्यता मिळाली नाही.

तरीही १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या आंतरविद्यापीठीय केंद्राचे संस्थापक संचालक म्हणून त्यांनी जे उभे केले, ते स्वमताचे पीठ नव्हते; देशभरच्या विद्यापीठांतील अध्यापकांना व विद्यार्थ्यांना निरीक्षणाची साधने आणि चर्चेची जागा मिळवून देणे हा त्यामागील हेतू होता. याच संस्थेतील संशोधकांनी इतर संस्थांतील सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये 'सरस्वती' हा दीर्घिकांचा महासमूह शोधल्याचे जाहीर केले. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे त्याचा आज दिसणारा प्रकाश तेवढ्या वर्षांपूर्वी निघालेला असल्याने इतकी विशाल रचना त्या काळापर्यंत कशी घडली, हा प्रचलित प्रारूपांपुढील प्रश्न ठरतो. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. त्यांचा सिद्धांत मान्यतेला मुकला असला, तरी निरीक्षणाने कोणतेही मत, संस्थापकाचेसुद्धा, तपासले जावे ही व्यवस्था मात्र त्यांनी मागे ठेवली.