मोटारीच्या मागील भागातील ‘खट्’ आवाजाचे निदान

गतिरोधक ओलांडताना किंवा ब्रेक दाबताना मोटारीच्या मागील बाजूने ‘खट्’ असा कोरडा आवाज येणे, ही काही वर्षे वापरलेल्या वाहनांतील नेहमीची तक्रार आहे. असा आवाज येताच पुष्कळदा शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलले जातात. दोष मात्र एखाद्या झिजलेल्या रबरी बुशात असू शकतो. आवाज नेमका केव्हा येतो हे आधी निश्चित केल्यास अनावश्यक खर्च टळतो आणि धोकादायक बिघाडही वेळीच लक्षात येतो.

प्राथमिक तपासणी

प्रथम डिकी रिकामी करावी. सुटी स्टेपनी, जॅक, पाने किंवा मागील आसनाची नीट न बसलेली कडी यांचाही असाच आवाज होतो. नंतर चाकांचे नट पान्याने तपासावेत. वेगाबरोबर ठोके वाढत असल्यास गाडी तत्काळ थांबवावी. नट सैल राहिल्यास चाक निखळू शकते.

आवाजाची वेळ आणि संभाव्य कारण

गतिरोधकावर किंवा खड्ड्यात : शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे बुश, तुटलेली स्प्रिंग किंवा सायलेन्सरचे तुटलेले रबर.

ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्समधून पुढे निघताना : मागील अ‍ॅक्सल गाडीच्या सांगाड्याला जोडणारे मोठे बुश.

क्लच सोडताना : इंजिनाची शक्ती मागील चाकांना मिळणाऱ्या वाहनांत प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस.

पावसाळ्यात सकाळी गाडी हलवताना एकदाच : हँडब्रेक ओढून ठेवल्याने ड्रमला गंजून चिकटलेले ब्रेक शू. आवाज पुन्हा येत नसल्यास हा बिघाड समजू नये.

खालून पाहणी

गाडीचा मागील कोपरा जोराने दाबून सोडावा. तो वर येऊन लगेच स्थिरावला पाहिजे. हेलकावे सुरू राहिल्यास किंवा शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर तेल ओघळलेले दिसल्यास तो निकामी झालेला असतो. बुशाच्या रबराला पडलेल्या भेगा पाहाव्यात. स्प्रिंगच्या सर्वांत खालच्या वेढ्याकडे विशेष लक्ष द्यावे. तेथे चिखल व पाणी साचते. गोव्यासारख्या किनारी प्रदेशात खारी हवा गंजाला हातभार लावते. तुटलेल्या स्प्रिंगचे टोक टायरमध्ये घुसू शकते. म्हणून अशी गाडी चालवत नेऊ नये.

केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली शिरू नये. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागील चाकांवरच चालतो. ती उचलल्यावर त्याचा आधार उरत नाही. त्यामुळे सपाट जागेवर पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावून मागील भाग स्टँडवर टेकवावा.

दुरुस्ती करताना

स्प्रिंग व शॉकअ‍ॅब्सॉर्बर दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलणे इष्ट. अ‍ॅक्सलच्या बुशाचा बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच अखेरचा आवळावा. अधांतरी आवळल्यास रबर पिळलेल्या स्थितीत राहून लवकर फाटते.

मेकॅनिकला आवाजाची बाजू, वेग, गाडीतील भार आणि ब्रेकशी असलेला संबंध सांगावा. शक्य असल्यास त्याला सोबत घेऊन त्याच रस्त्यावर आवाज ऐकवावा आणि दोष प्रत्यक्ष दाखवल्यानंतरच सुटा भाग बदलण्यास संमती द्यावी.