दप्तराबाहेरचे मूल

भारजा नदी जेथे सागरास मिळते त्या दापोली तालुक्यातील केळशीत महालक्ष्मीचे देऊळ आहे आणि याकूबबाबांचा दर्गाही आहे. जुन्या कोकणात अबोल झालेल्या, भेदरलेल्या वा अक्षरांशी झगडणाऱ्या मुलासाठी आईबाप देवाला कौल लावीत, अंगारा मागत. शाळेच्या दप्तरी मात्र अशा मुलाची नोंद ‘नापास’ याखेरीज अन्य शब्दाने क्वचितच होई. याच तालुक्यातील मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी डोंगर ओलांडून पायी साताऱ्यास गेले, आणि वयाने लहान दिसतो एवढ्याच सबबीवर त्यांना परत धाडण्यात आले. त्या मुलाच्या मनाचे काय झाले असेल, हे विचारण्याचा रिवाज तेव्हा कोणत्याच कचेरीत नव्हता.

हा रिवाज पाडणारा माणूसही याच तालुक्यातला, पालगडचा. 1924 साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झालेल्या साने गुरुजींकडे पुढे छात्रालय आले, तेव्हा त्यांनी शिस्तीचा हुकूम न काढता मुलांच्या खोल्या झाडल्या, अंथरुणे नीट केली, मळके कपडे धुतले, आणि ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक स्वहस्ते लिहून काढले. समुपदेशन हा शब्द शाळांत रूढ होण्यापूर्वीचे, माझ्या मते, ते सर्वांत खरे समुपदेशन होय. अक्षरांशी झगडणाऱ्या मुलाच्या अडचणीला, म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमतेला, कायद्यात नाव मिळण्यास 2016 साल उजाडावे लागले. अमळनेरात मात्र घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला, शाळेतून परतल्यावर, आपली खोली कोणीतरी झाडून ठेवलेली दिसे.