चामड्याच्या पट्ट्यापासून सर्पाकृती पट्ट्यापर्यंत

मोटारीचे बॉनेट उघडले की इंजिनाच्या एका बाजूला काळा रबरी पट्टा पाच-सहा कप्प्यांवरून नागमोडी फिरलेला दिसतो. गॅरेजमध्ये त्याला आजही ‘फॅन बेल्ट’ म्हणतात. बहुतेक नव्या मोटारींत पंखा विजेवर फिरतो, त्याचा या पट्ट्याशी संबंध उरलेला नाही. नाव मात्र टिकले. तसाच या पट्ट्याविषयीचा एक जुना नियमही टिकून आहे आणि तो फसवा आहे. कसा, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वाफेच्या इंजिनांच्या काळात कारखान्यात छताजवळ एक लांब दांडा फिरत असे आणि त्यावरून चामड्याचे सपाट पट्टे खालच्या यंत्रांकडे उतरत. गावाकडच्या पिठाच्या गिरणीतला पट्टा याच घराण्यातला. तो घसरू लागला की गिरणीवाला त्यावर राळ लावतो. त्याची कप्पी मध्यभागी किंचित फुगीर असते आणि पट्टा आपोआप उंच भागाकडेच सरकतो. (विद्यार्थ्यांना याच्या उलट होईल असे वाटते. वर्गात करून दाखवावे.)

सुरुवातीच्या मोटारींतही पंख्याला चामड्याचे पट्टे होते, पण तेल आणि पाणी लागताच ते घसरत. १९१७ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे जॉन गेट्स यांनी रबर व कापड यांचा, पाचरीसारख्या छेदाचा पट्टा तयार केला. हाच व्ही-बेल्ट. त्याची करामत गणिताने छान समजते. पट्टा कप्पीला अर्धा वेढा घालत असेल आणि घर्षणांक ०.३ असेल, तर सपाट पट्ट्यात घट्ट बाजूचा ताण सैल बाजूच्या सुमारे अडीच पटींपर्यंत वाढू शकतो. त्यापुढे पट्टा घसरतो. तोच पट्टा ४० अंशांच्या खाचेत बसवला तर ही मर्यादा पंधरा पटींच्या पुढे जाते. रबर तेच, धातू तोच. लाकडात ठोकलेली पाचर जशी दोन्ही बाजूंनी आवळली जाते तसा पट्टा खाचेत आवळला जातो, एवढाच फरक.

ॲम्बॅसॅडरमध्ये असा एकच पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो फिरवी. पण पुढे मोटारींत पॉवर स्टिअरिंग आले, वातानुकूलन आले आणि इंजिनापुढे तीन-चार पट्टे एकामागे एक बसू लागले. सर्वांत आतला तुटला की बाहेरचे सगळे काढणे आले. शिवाय व्ही-बेल्ट जाड असतो. लहान कप्पीवर तो फार वाकवला की तापतो आणि पाठीकडून वाकवून तर चालतच नाही.

यावर उपाय म्हणून पट्टा पातळ व रुंद केला आणि त्याच्या आतल्या अंगाला लहान लहान उभे कंगोरे ठेवले. प्रत्येक कंगोरा म्हणजे एक छोटी पाचर. १९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये अशा एकाच पट्ट्यावर सर्व उपकरणे चालवण्यात आली. पट्ट्याची सपाट पाठही आता कामाला आली. पाठीवर टेकलेली कप्पी उलट दिशेने फिरते, म्हणून पट्टा चुकीच्या वाटेने ओवला तर पाण्याचा पंप उलटा फिरू शकतो. बॉनेटखाली चिकटवलेला पट्ट्याचा नकाशा म्हणूनच महत्त्वाचा.

या सोयीची किंमतही आहे. एकच पट्टा तुटला की चार्जिंग बंद होते, अनेक गाड्यांत स्टिअरिंग जड होते आणि पाण्याचा पंप त्यावरच असेल तर काही मिनिटांत इंजिन तापते. घाटात हे घडले तर काय होईल, ते सांगायला नको. तेव्हा पट्टा तुटण्यापूर्वीच बदलायला हवा. पण केव्हा?

पूर्वी हे पट्टे निओप्रीन या कृत्रिम रबराचे असत. ते जुने झाले की कंगोऱ्यांवर आडव्या भेगा पडत. मेकॅनिक भेगा मोजी आणि निर्णय देई. हाच तो जुना नियम. नंतर ईपीडीएम नावाचे रबर आले. ते उष्णता खूप चांगली सोसते आणि त्याला सहसा भेगा पडत नाहीत. त्याचे कंगोरे टायरच्या नक्षीसारखे हळूहळू झिजतात, दऱ्या रुंद होतात आणि कप्पीचे दात पट्ट्याच्या तळाला टेकू लागतात. एकदा तळ टेकला की पाचर आवळली जात नाही. पट्टा पुन्हा गिरणीतल्या सपाट पट्ट्यासारखा वागू लागतो. वरून पाहणाऱ्याला मात्र तो नवाच वाटतो. म्हणून झीज मापकाने तपासावी लागते.

नवा पट्टा घेताना जुन्याच्या पाठीवरचा क्रमांक वाचावा. ‘६ पीके १६९८’ याचा अर्थ सहा कंगोरे, शेजारच्या कंगोऱ्यांत ३.५६ मिलिमीटर अंतर आणि परिणामी लांबी १६९८ मिलिमीटर. जुना पट्टा फितीने मोजू नये; बाहेरचा घेर आणि ही लांबी एक नसते. क्रमांक पुसला असेल तर मॉडेल, वर्ष, इंजिन आणि वातानुकूलन आहे की नाही, हे सांगून घ्यावा. लांबी थोडी चुकली तरी ताण देणारी स्प्रिंगची कप्पी आपल्या टोकाला जाऊन बसते आणि ताण राखू शकत नाही. ही कप्पी पट्ट्याइतकीच फिरलेली असते. तीही त्याच वेळी तपासावी. काही गाड्यांत ती नसतेच. तिथे ताणला जाणारा पट्टा असतो आणि त्याच्या जागी साधा चालत नाही.

पट्टा किरकिरू लागला की त्यावर चिकट फवारा मारण्याची पद्धत आहे. गिरणीतली राळच ती! चामड्याच्या सपाट पट्ट्याला ती योग्य होती. कंगोऱ्यांच्या पट्ट्यावर ती धूळ धरते आणि खरा दोष झाकते. त्यापेक्षा चालत्या पट्ट्यावर, हात दूर ठेवून, थोडे साधे पाणी शिंपडावे. आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला तर कप्प्या एका रेषेत नाहीत. वाढला तर ताण कमी आहे.

२०१५ पासून मारुती सुझुकीच्या सियाझसारख्या सौम्य हायब्रिड मोटारींत याच पट्ट्यावर दुहेरी काम आले. एरवी इंजिन जनित्र फिरवते. सिग्नलला बंद पडलेले इंजिन सुरू करताना तेच जनित्र मोटर बनून इंजिनाला फिरवते. त्या क्षणी पट्ट्याची सैल बाजू घट्ट होते आणि घट्ट बाजू सैल. अशा गाडीसाठी रुंदी-लांबी जुळणारा कोणताही पट्टा पुरत नाही; त्याच कामासाठी बनवलेला मागावा लागतो.