मोटारीचे इंजिन, हमी आणि सोलापूर

भारतात मोटारी बनवण्याचा ध्यास घेतलेले वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या, नंतर फियाटच्या सहकार्याने गाड्या तयार होऊ लागल्या. परवाना राजच्या त्या काळात गाडी हाती पडायलाच वर्षे लागत. हमीवरून भांडण्याची हिंमत कुणात असणार? इंजिन बसले की सिलिंडर बोअर करायचा, ओव्हरसाइज पिस्टन-रिंगा घालायच्या, क्रँक ग्राइंड करायचा. विद्या मिस्त्रीची आणि लेथवाल्याची, खर्च मालकाचा. १९३० च्या मालविक्री कायद्यात दर्जाची गर्भित अट होती खरी, पण त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागे.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा मंच आणले. पुढे कंपन्या वाढीव वॉरंटी विकू लागल्या आणि वादाचे स्वरूप बदलले. इंजिन निकामी झाले हे उघडच असते. ते कशामुळे, यावर सारे अडते. ऑइल वेळेवर बदलल्याची नोंद नाही किंवा पाणी आत शिरले, अशी कारणे देऊन दावे नाकारले जातात. म्हणून सर्व्हिसची बिले आणि इंजिन उघडण्याआधीचा तपासणी अहवाल मोलाचा ठरतो.

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे पुण्यात गाडी घेतलेल्या सोलापूरकरालाही सोलापूरच्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. विलंबाचे सबळ कारण पटले तरच सवलत मिळते.