देवमाशाच्या तालूपासून केबल टायपर्यंत

सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षे, युरोपातल्या बायकांच्या कपड्यांचा आकार एका सागरी प्राण्याच्या तोंडातून येणाऱ्या वस्तूवर तोललेला होता. इंग्रजीत तिला देवमाशाचे हाड म्हणत. प्रत्यक्षात ते हाड नव्हेच. दात नसलेल्या देवमाशांच्या वरच्या जबड्यातून दोन्ही बाजूंना पट्ट्यांची झालर खाली लोंबते आणि तिच्यातून पाणी गाळून मासा आपले बारीक भक्ष्य तोंडात अडवतो. आपली नखे आणि केस ज्या केराटिनचे, त्याच द्रव्याच्या या पट्ट्या. आर्क्टिकमधल्या बोहेड जातीच्या माशाच्या तोंडात एकेका बाजूला तीनशेच्या आसपास पट्ट्या असतात आणि त्यांतली सर्वांत लांब पट्टी चार मीटरपर्यंत भरते.

आपल्याकडच्या शिवणकामात या वस्तूला जागाच नव्हती. लुगडे अंगावर बसते ते निऱ्या, काष्टा आणि ओच्यामुळे. चोळी बसते ती तिरक्या कापाने आणि गाठीने. कपड्याच्या आत सांगाडा घालून अंगाला आकार द्यायचा, ही कल्पनाच आपल्या शिंप्याला परकी. त्यामुळे ‘बोनिंग’ या शब्दाला मराठीत प्रतिशब्द नाही, आणि मी तो घडवण्याच्या भानगडीतही पडत नाही. या लेखापुरते ‘पट्टी’ म्हणू. ज्या कपड्यात ती जाई त्याला आधी ‘बॉडीज’, मग ‘स्टेज’ आणि एकोणिसाव्या शतकात ‘कॉर्सेट’ अशी नावे मिळत गेली. मी सोयीसाठी कंचुकी म्हणते.

पट्टीचे गुण समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. ती धाग्यांच्या दिशेने उभी चिरता येते, अगदी बारीक काडीइतकी. गरम पाण्यात किंवा वाफेवर ती मऊ पडते, मग हवी तशी वाकवावी, थंड झाली की तो आकार धरून ठेवते. चाकूने तासून एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड ठेवता येते. गंजत नाही, घामाने कुजत नाही. अंगाच्या उबेने हळूहळू नेसणारीच्या देहाचा बाक घेते. कंचुकी फाटली तर पट्ट्या उसवून नव्या कंचुकीत घालत. लोखंड आणि लाकूड यांच्या मधली ही वस्तू होती, आणि आजच्या भाषेत बोलायचे तर प्लास्टिकच्या आधीचे प्लास्टिक.

इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ १६०३ मध्ये वारली. तिच्या अंत्ययात्रेसाठी घडवलेल्या प्रतिमेला जी कंचुकी घातली होती ती लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अजून आहे, आणि तिच्यात देवमाशाच्याच पट्ट्या आहेत. जुन्या पोशाखांचा टाका न् टाका मोजून त्यांचे कागदी नमुने काढणाऱ्या जॅनेट अरनॉल्ड यांनी या कंचुकीचाही अभ्यास केला. अरनॉल्डबाई १९९८ मध्ये वारल्या. आज जगभर कोणीही सोळाव्या-सतराव्या शतकातला पोशाख नव्याने शिवायला बसले की बहुधा त्यांची पुस्तके शेजारी उघडी असतात.

अठराव्या शतकात एकेका कंचुकीत शंभराहून अधिक पट्ट्या घातलेल्या सापडतात. तेवढी मागणी भागवायला जहाजे लांब लांब जाऊ लागली. बास्क लोकांनी बिस्केच्या उपसागरातले मासे मध्ययुगापासून मारायला घेतले होते. सतराव्या शतकात डच आणि इंग्रज स्पिट्सबर्गेनला पोचले. १८४८ मध्ये टॉमस रॉइस हा अमेरिकन कप्तान बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून आर्क्टिकमध्ये शिरला आणि बोहेडच्या शेवटच्या मोठ्या कळपांचा पत्ता लागला. तिकडच्या शिकारीची किंमत काय होती, हे एका वर्षावरून कळावे. १८७१ च्या सप्टेंबरमध्ये अलास्काच्या उत्तर किनाऱ्यालगत ३३ जहाजे बर्फात अडकली आणि ती सोडून द्यावी लागली. त्यांवरची १,२१९ माणसे, बायकापोरे धरून, छोट्या होड्यांतून निघाली आणि सगळी वाचली. जहाजे मात्र मालासकट गेली.

१८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि दिव्यासाठी देवमाशाचे तेल जाळण्याची गरज ओसरू लागली. एवढ्यावर देवमासा सुटला, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते मला पटत नाही. तेल स्वस्त झाले तशी पट्टी महाग झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचा भाव पौंडाला ५ डॉलरच्या घरात गेला. मोठ्या माशाच्या तोंडातून दीड हजार पौंडांहून अधिक पट्ट्या निघत. एका माशात अख्खी सफर वसूल होई. शेवटी शेवटी तर शिकारी डोक्यातल्या पट्ट्या तेवढ्या काढून घेत आणि धड समुद्रात सोडून देत. दिव्याने सोडलेला मासा कंचुकीने धरून ठेवला होता.

इतकी महाग वस्तू म्हटल्यावर तिला पर्याय शोधणारे निघणारच. आणि हे पर्याय शिवणाच्या दुकानातून क्वचितच आले, ही या इतिहासातली मला सर्वांत रंजक वाटणारी बाब. पहिला पर्याय वेताचा. दुसरा पोलादाचा, तो थेट लोहारकामातून आला. १८५६ च्या सुमारास घेरदार झग्याखाली पोलादी कड्यांचा पिंजरा घालण्याची टूम निघाली, तेव्हा ती कडी पुरवली ती करवती आणि घड्याळाच्या कमानी करणाऱ्यांनी. फ्रान्समधले प्युजो घराणे मोटारींच्या खूप आधी करवती, कॉफी दळायची यंत्रे आणि झग्याची कडी बनवत होते. इंग्लंडात शेफील्डजवळ सॅम्युअल फॉक्स याच्या कारखान्यात झग्याची तारही निघे आणि १८५२ पासून छत्रीच्या पोलादी काड्याही. त्याआधी छत्रीच्या काड्याही देवमाशाच्याच असत. पोलाद स्वस्त होते, ताठ होते. पण घामाने गंजे आणि कापडावर तांबडे डाग पाडी. ‘न गंजणारी कंचुकी’ अशा जाहिराती अमेरिकन मासिकांत वर्षानुवर्षे छापल्या गेल्या, यावरूनच तक्रार किती मोठी होती ते दिसते.

त्या जाहिरातींतले एक मोठे नाव वॉर्नर बंधूंचे. दोघेही डॉक्टर. त्यांनी ‘कोरालाइन’ नावाची कंचुकी बाजारात आणली. तिच्यात मेक्सिकोतल्या एका घायपाताच्या जातीचे वाख भरलेले असत. घायपात म्हणजे आपल्याकडे बांधावर लावतात आणि ज्याच्या वाखाचे दोर वळतात, तीच वनस्पती. मग १८८३ मध्ये मिशिगन राज्यातल्या थ्री ओक्स गावी एडवर्ड वॉरन या कापड-दुकानदाराने आणखी एक वस्तू काढली. शिकागोत पिसांचे झाडू बनवणाऱ्या कारखान्यात टर्कीच्या पंखांची जाड पिसे निरुपयोगी म्हणून फेकली जात, ती त्याने पाहिली. पिसांचे दांडे चिरायचे, ते सुताने एकत्र गुंडाळायचे, की लवचीक दोरी तयार. ‘फेदरबोन’ हे तिचे नाव. तिच्यावरून शिवणयंत्राची सुई सरळ चालवता येई, ही तिची खरी जमेची बाजू. झाडूच्या कारखान्यातला कचरा असा शिवणाच्या टोपलीत आला.

आता अलीकडच्या पर्यायाकडे येते. १९५६ मध्ये मॉरस लोगन नावाचा अमेरिकन माणूस बोइंगच्या विमान कारखान्यात गेला होता. विमानातल्या विजेच्या तारांच्या जुड्या कामगार मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने बांधत. दर काही इंचांवर गाठ, हजारो गाठी, दोरा ओढून ओढून बोटे कापलेली. ते पाहून त्याने दातेरी पट्टी एका खाचेतून ओवून घट्ट करायची युक्ती काढली आणि १९५८ मध्ये थॉमस अँड बेट्स या कंपनीने ती ‘टाय-रॅप’ नावाने विकायला काढली. हाच केबल टाय. आज तो मुंबईच्या लोहार चाळीत शेकड्याच्या पाकिटात मिळतो. तो जन्माला आला तो दोरा आणि गाठ यांचे काम हिरावून घेण्यासाठी. ज्या बोटांची गाठ मारण्याची कला त्याने बाद केली, ती शिवणाचीच कला होती.

आणि नेमका हाच टाय ऐतिहासिक पोशाख शिवणाऱ्यांनी उचलला. देवमाशाच्या पट्टीचा आंतरराष्ट्रीय व्यापार आज बंद आहे. जर्मनीत तिची कृत्रिम प्रतिकृती बनते. ती चांगली असते, पण मागवून घ्यावी लागते आणि टपालखर्चासकट महाग पडते. नऊ-दहा मिलिमीटर रुंदीचा जाड टाय घ्यायचा, खाचेचे डोके कापून टाकायचे, टोके गोल करून पॉलिश पेपरने घासायची आणि कापडाच्या नळीत सारायची. ज्यांनी दोन्ही नेसून पाहिले ते सांगतात की पोलादापेक्षा हा टायच देवमाशाच्या पट्टीच्या जवळ जातो, कारण नायलॉनही अंगाच्या उबेने बाक धरतो. जुन्या टूथब्रशच्या दांडीच्या भोकात अडकवून परकराची नाडी ओवणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये.

मी नाट्यवेशांचा अभ्यास करते. एका युरोपीय नाटकाच्या मराठी प्रयोगासाठी मी आणि एका शिंपीकाकांनी मिळून अशी कंचुकी शिवली. आधी ते टायकडे पाहून म्हणाले, “ताई, हे वायरमनचं काम आहे, माझं नाही.” दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी नळीची रुंदी टायपेक्षा सूतभर जास्त ठेवली, आम्ही वाचलेल्या कोणत्याही सूचनेत ते नव्हते. कागदी नमुना कापडावर दाबून धरायला त्यांनी लोखंडी वायसर वापरले. ताडपत्रीला मारतात ती पितळी आयलेट मारू का, असेही विचारले. त्यावर मी नको म्हटले. अठराव्या शतकात नाडीची भोके दोऱ्याने काजे केल्यासारखी शिवत, धातूची कडी एकोणिसाव्या शतकात आली. पर्याय कुठे चालतो आणि कुठे काळच बदलून टाकतो, हे तिथे ठरवावे लागते.

पट्टीच्या बाबतीतही तो प्रश्न आहेच, आणि पोशाखाच्या इतिहासकारांत त्यावर जितके बोलले जायला हवे तितके बोलले जात नाही. टाय सगळीकडे सारख्याच जाडीचा असतो. देवमाशाची पट्टी कारागीर जागा पाहून तासत असे: छातीशी बळकट, कमरेशी पातळ. टायची कंचुकी घालून कोणी म्हणाले, ‘पाहा, बायकांना वाकताही येत नसे,’ तर ते अठराव्या शतकाबद्दलचे विधान नसते, नायलॉनबद्दलचे असते. असे निष्कर्ष मी भाषणांतून ऐकले आहेत. उलट, तीनशे रुपयांच्या पाकिटामुळे पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या विद्यार्थिनीला जो प्रयोग करता येतो तो एरवी संग्रहालयाचे निधी असणाऱ्यांनाच करता आला असता. कंचुकी स्वतः शिवल्याशिवाय तिची बांधणी समजत नाही. मी या बाबतीत टायच्या बाजूने आहे. फक्त शेजारी लिहून ठेवावे की आत काय आहे.

शिवाय, ‘अस्सल’ म्हणून आपण जे जपतो ते कोणाचे अस्सल? संग्रहालयांत उरल्या त्या बहुतेक श्रीमंतांच्या कंचुक्या. लंडनचा फ्रान्सिस प्लेस हा पुढे सुधारक म्हणून नावाजला, पण उमेदीत तो चामड्याच्या विजारी शिवणारा कारागीर होता. आपल्या तरुणपणच्या कारागिरांच्या बायकांबद्दल त्याने लिहून ठेवले आहे: त्यांच्या कंचुक्या हाडाच्या किंवा चामड्याच्या असत, आणि वर्षानुवर्षे न धुता वापरल्या जात. जाड चामडे कापायचे, त्यावर रेघा ओढायच्या, झाली कंचुकी, पट्टीच नको. गरीब बाईचा पर्याय हा असा होता. अशा कंचुक्या झिजून गेल्या, उरलेल्या मोजक्याच.

सध्या मी तशीच एक करते आहे. तळव्याला लावतात ते जाड चामडे एका चप्पल कारागिराकडून आणले. ते केबल टायच्या चार पाकिटांहून महाग पडले. कापायला शिंप्याची कात्री चालत नाही, चांभाराची रापी लागते, आणि ती धरायला मला अजून नीट जमलेली नाही.